शहाऐंशी दिवसांचा खोटा उशीर

मित्रांनो, देवगाव फाट्यावर एसटी थांबते तिथून चार पावलांवर निळ्या पत्र्याचं एक दुकान होतं. त्या दुकानातली जुनी झेरॉक्स मशीन ती मी. माझा मूळ रंग पांढरा. आता तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. माझ्या एका झाकणाची बिजागरी तुटली आहे, तिथे रबर लावलेलं आहे. पण कागद ठेवा, बटण दाबा, आणि बघा. मूळ कागदापेक्षा माझी कॉपी ठळक येते असं फाट्यावरची माणसं अजून म्हणतात.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी पुण्याच्या एका कचेरीत होते. तिथे थंडगार हवा होती आणि काम अगदी थोडं. सहा वर्षांनी नवी मशीन आली आणि मला जिन्याखाली लोटलं. वर्षभर मी झाडूच्या आणि रिकाम्या खोक्यांच्या संगतीत राहिले. पुढे एका व्यापाऱ्यानं मला उचललं, आतले रोलर बदलले, ड्रम नवा घातला, अंग पुसलं आणि २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर दोन गोधड्यांत गुंडाळून मला इकडे धाडलं. वाटेत इतके खड्डे लागले की माझे सगळे स्क्रू एकमेकांची विचारपूस करत होते.

मला विकत घेतलं संघप्रियानं. तिचे वडील नागनाथ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते, नुकतेच निवृत्त झालेले. ती स्वतः बी.ए. झालेली. तालुक्याच्या कचेरीत कंत्राटावर टायपिंग करायची. कंत्राट संपलं तेव्हा दुसऱ्याच्या खुर्चीत पुन्हा बसायचं नाही, असं तिनं ठरवलं. माझी किंमत बावन्न हजार होती. तेवढे पैसे तिच्याजवळ नव्हते, म्हणून तिनं तीन वर्षांच्या हप्त्यांवर कर्ज काढलं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला होता. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक महिन्यात तीन तारखेला गोल केला आणि आईला सांगितलं की दोन दिवस हाताशी असलेले बरे, कधी लाइट जाते, कधी रेंज जाते.

काय ते दिवस होते, मित्रांनो! पीक विम्याच्या दिवसांत माझ्यासमोर रांग लागायची. सातबारा, आधार, पासबुक, टीसी, जातीचा दाखला. चुलीवर भाकरी भाजावी तसे मी गरम कागद काढून देत होते. कोणी घाईत असलं की संघप्रिया म्हणायची, थांबा थोडं, तिला दम खाऊ द्या. माझ्या दमाची काळजी पुण्यात कधी कोणी केली नव्हती.

टाळेबंदीत दुकान बंद पडलं. तेव्हाही तिनं वडिलांच्या पेन्शनमधून उसने घेऊन माझे हप्ते भरले आणि दुकान उघडल्यावर त्यांना एकेक रुपया परत केला. २०२१ मध्ये शेवटचा हप्ता गेला, तेव्हा तिनं माझं अंग ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्यावर मोगऱ्याचा गजरा ठेवला. त्यातली दोन फुलं माझ्या आत गेली. आठवडाभर माझ्या कॉप्यांना वास येत होता.

आता तिच्या धाकट्या भावाविषयी सांगते. नागेशची साउंड सिस्टीम आहे. लग्न असो, जयंती असो, बारसं असो, नागेशचे स्पीकर तिथे हजर. माणूस दिलाचा मोठा. स्पीकर वाहायला २०२२ च्या उन्हाळ्यात त्यानं एका फायनान्स कंपनीकडून कर्ज काढून लहान टेम्पो घेतला. जामीनदार म्हणून संघप्रियानं सही केली. कागद पंधरा होते. जिथे पेन्सिलनं फुली होती तिथे तिनं सही केली. भावाचं काम, त्यात वाचायचं काय, असं तिला वाटलं. त्या पंधराही कागदांच्या कॉप्या मीच काढल्या होत्या.

नागेशचा धंदा लग्नसराईचा. मे महिन्यात पैसा खुळखुळतो, आषाढात सामसूम. त्यामुळे कधीकधी त्याचा हप्ता एक महिना ओलांडून पुढच्या महिन्यात जायचा. पण तो बुडवायचा नाही. उशिराचा दंड मोजायचा आणि शीळ घालत दुकानात यायचा. दंड भरला की विषय मिटला, अशी त्याची समजूत होती. खरं सांगायचं तर माझीही तीच होती.

२०२४ साल उजाडलं. फाट्यावरची पत्र्याची दुकानं हलवायची ठरली आणि मागच्या बाजूला पक्के गाळे बांधून झाले. गाळ्यांची सोडत निघाली. महिलांसाठी ठेवलेल्यांपैकी तीन नंबरचा गाळा संघप्रियाच्या नावावर आला. सरजाबाईंनी, म्हणजे तिच्या आईनं, फाट्यावरच्या सगळ्यांना जिलेबी दिली. अनामत सव्वा लाख होती आणि ती अठरा मार्चच्या आत भरायची होती. नाही भरली तर गाळा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार होता. संघप्रियाजवळ पंचेचाळीस हजार होते. उरलेल्या ऐंशी हजारांसाठी तिनं सेलूच्या एका बँकेत अर्ज केला. माझे हप्ते वेळेवर भरल्याचा तिला भरवसा होता, म्हणून ती अगदी निर्धास्त होती.

चार दिवसांनी ती बँकेतून परत आली ती खुर्चीवर बसलीच नाही. उभ्या उभ्या माझ्यावर हात टेकवून राहिली. बँकेत राजेश्री नावाची कर्ज विभागातली तरुण अधिकारी होती. तिनं अर्ज परत करताना सांगितलं होतं की, ताई, तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, उशिरा भरलेले हप्ते दिसतात, एका ठिकाणी तर शहाऐंशी दिवस. आधी स्वतःचा अहवाल काढून नीट वाचा, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि मग मला भेटा.

संघप्रियानं त्याच दुपारी अहवाल मागवला आणि माझ्याकडून छापून घेतला. मित्रांनो, आजवर हजारो कागद माझ्या पोटातून गेले, पण असा कागद मी पहिल्यांदा पाहिला. त्यात प्रत्येक कर्जाची एक पट्टी होती. पट्टीत प्रत्येक महिन्याचा एक चौकोन. महिना संपताना हप्ता जितके दिवस थकलेला असेल तितका आकडा त्या चौकोनात. काही थकलेलं नसेल तर शून्य. माझ्या कर्जाच्या पट्टीत ओळीनं सगळी शून्यंच होती. शाळेच्या गुणपत्रिकेत शून्य पाहून रडणारी पोरं मी पाहिली आहेत. इथे मात्र शून्यासारखा दुसरा मान नव्हता. मला माझ्या पट्टीचा फार अभिमान वाटला.

पण खाली दुसरी पट्टी होती. ती नागेशच्या टेम्पोची. शेजारी लिहिलं होतं, जामीनदार. ऑगस्ट २०२२ मध्ये सव्वीस. जानेवारी २०२३ मध्ये सव्वीस. जुलैमध्ये पुन्हा सव्वीस. आणि मग सप्टेंबरपासून ओळीनं पंचवीस, छप्पन्न, शहाऐंशी. जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसे ते आकडे वर चढले होते.

तिनं नागेशला बोलावून घेतलं. तो स्पीकर उतरवता उतरवता आला, हाताला धूळ तशीच. कागद पाहून त्याचा चेहरा पडला, आणि मग तो चिडला.

"आक्का, म्या एकबी हप्ता बुडवला न्हाई," तो म्हणाला. "उशीर झाला तवा दंड भरलाय. मंग हे लिवून ठिवायचं काय कारन?"

"दंड कंपनीला पोचला, नागेश," संघप्रिया म्हणाली. "उशीर हितं पोचला. दोन्हीची वाट येगळी हाय. आन् तुह्या उशिराला माझी सही हाय."

हे तिनं रागावून म्हटलं नाही, म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला आणि एकेक चौकोनावर बोट ठेवत पाहू लागला. पाहता पाहता त्याचं बोट एका चौकोनावर थांबलं. सप्टेंबर २०२३. त्याला आठवलं की त्या महिन्यात गणपतीच्या एका मंडळानं त्याला इसार दिला होता, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं हप्ता वेळेच्या एक दिवस आधी, चार तारखेलाच भरला होता. कंपनीचा वसुलीवाला इथेच फाट्यावर भेटला होता. रोख पैसे घेऊन त्यानं हातातल्या छोट्या मशीनमधून पावती काढून दिली होती. त्या आनंदात नागेशनं सगळ्यांना उसाचा रस पाजला होता. म्हणजे ज्या हप्त्याला तो आयुष्यात एकदा लवकर पोचला, त्याच हप्त्याचा उशीर महिन्यागणिक वाढवत शहाऐंशी दिवसांपर्यंत लिहिलेला होता.

पावती टेम्पोच्या समोरच्या कप्प्यात होती. तो धावत जाऊन घेऊन आला. पण ती पावती उन्हानं पार कोरी झाली होती. त्या छोट्या मशीनची शाई अशीच असते, चार महिन्यांत उडून जाते. संघप्रियाला हे माहीत होतं. म्हणून ती अशा प्रत्येक पावतीची माझ्याकडून कॉपी काढून ठेवायची. या पावतीचीही काढली होती. पहिली वाकडी आली म्हणून तिनं दुसरी काढली होती, आणि ती चांगली कॉपी नागेशला दिली होती. नागेशनं ती कुठे ठेवली ते नागेशलाही ठाऊक नव्हतं.

आता ऐका, मित्रांनो, माझी काय अवस्था झाली ती. ती पहिली, वाकडी कॉपी कुठे आहे ते मला ठाऊक होतं! त्या दिवशी ती माझ्या ट्रेमध्येच राहिली होती. सरजाबाई दुकानात आल्या की त्यांना कागद वाया गेलेला बघवत नाही. त्यांनी तो उचलला, घडी घातली आणि गल्ल्याच्या तळाशी अंथरला. त्यावर पाच महिने चिल्लर खुळखुळत होती. गल्ला माझ्यापासून हातभर अंतरावर होता. भाऊबहीण घरातल्या फायली, पेन्शनचे कागद, गादीखालच्या पिशव्या उलथ्यापालथ्या करत होते, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. मी नुसतं घूं घूं करू शकते. तेही कोणी बटण दाबलं तर.

याच आठवड्यात एक माणूस दुकानात आला. तो मागेही आला होता, तेव्हा त्यानं माझ्याकडून दोनशे पत्रकं काढून नेली होती. त्यावर लिहिलं होतं की खराब सिबिल सात दिवसांत साफ करून मिळेल. नागेशनं त्याला गाठलं. तो सात हजार मागत होता आणि संघप्रियाच्या मोबाइलवर येणारा ओटीपीचा नंबरही त्याला हवा होता. नागेश पैसे घेऊन आला, तेव्हा संघप्रियानं त्याचा हात धरला.

"खरं हाय ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खोटं हाय तेवढंच काढायचंय. ज्यो दोन्हीबी पुसतो म्हनतो त्यो लबाड हाय."

माणूस निघून गेला. त्याची पत्रकं मी काढली होती, याची मला लाज वाटली. पण मशीनला कागद निवडता येत नाही.

दिवस जात होते. महारुद्र नावाचे जुन्या मशिनींचे एक व्यापारी मला बघायला आले. त्यांनी माझं झाकण उघडलं, रबर ओढून पाहिलं, आत वाकून टॉर्च मारला आणि पंधरा हजार सांगितले. पंधरा हजारांत काय भागणार होतं? पण सरजाबाईंनी गळ्यातली बोरमाळ काढून ठेवली होती आणि नागनाथ आपल्या जुन्या शाळेतल्या गुरुजींकडे उसने मागायला गेले होते, तेव्हा मीच कोणती मोठी लागून गेले? संघप्रियानं महारुद्रांना सोमवारी सांगते असं म्हटलं. त्या शनिवारी मी काढलेल्या कॉप्या थोड्या फिक्या आल्या. लोक म्हणाले टोनर संपलं असेल.

त्याच शनिवारी दुपारी सरजाबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. बाजूच्या हॉटेलातला चहा गल्ल्यावर सांडला. त्यांनी चिल्लर पदरात काढून घेतली आणि भिजलेला कागद ओढून बाहेर काढला. त्यांना वाचता येत नाही. पण पैशाचा आकडा ओळखता येतो, आणि पोराचा हप्ता किती ते त्यांना पाठ होतं.

"प्रिया," त्या म्हणाल्या, "ह्याच्यावर नागेशच्या टेम्पोचा आकडा कसा काय?"

कागद वाकडा होता, चहानं एक कोपरा पिवळा झाला होता, रुपयांचे गोल डाग पडले होते. पण तारीख ठळक होती, ४ सप्टेंबर २०२३. पावतीचा नंबर ठळक होता. संघप्रिया हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग ती पुन्हा हसली. नागेशनं आईला दोन्ही हातांनी उचललं आणि सरजाबाई त्याला शिव्या देत राहिल्या, चिल्लर सांडायली म्हणून.

पुढचं काम राजेश्रीनं सांगितल्याप्रमाणे झालं. ती म्हणाली होती की हे आकडे सिबिलवाले मनानं लिहीत नाहीत, कर्ज देणारी कंपनी कळवते तेच तिथे चढतं. म्हणून तक्रार दोन्हीकडे करायची, पुरावा जोडायचा आणि तीस दिवसांची मुदत धरून चालायचं. संघप्रियानं कॉम्प्युटरवरून तक्रार केली आणि त्या वाकड्या कॉपीचा फोटो जोडला. कंपनीला वेगळं पत्र पाठवलं. त्या पत्राचीही कॉपी मी काढली, आणि ती चांगली ठळक आली.

सोमवारी महारुद्र आले तेव्हा संघप्रिया त्यांना म्हणाली की थांबता येत असेल तर अकरा मार्चपर्यंत थांबा, तेव्हा तीस दिवस भरतात. ते थांबले. मीही थांबले. आणखी मी काय करणार?

अकरा मार्चला संघप्रियाचा मोबाइल वाजला, कंपनीचं उत्तर आलं होतं. वसुलीवाल्यानं कर्जाच्या नंबरातला एक आकडा चुकवला होता आणि नागेशचा हप्ता दुसऱ्याच माणसाच्या खात्यावर जाऊन बसला होता. डिसेंबरमध्ये तो जागेवर आणला, पण मागच्या महिन्यांच्या नोंदी तशाच राहिल्या होत्या. आता कंपनीनं त्या दुरुस्त करून कळवल्या. नवा अहवाल मी छापला. पंचवीस, छप्पन्न, शहाऐंशी गेले होते. तीन सव्वीस मात्र तसेच होते, कारण ते खरे होते.

त्या तिघांचं उत्तर द्यायला नागेश स्वतः बँकेत गेला. धुतलेला शर्ट घालून, बहिणीच्या मागे न लपता. त्यानं राजेश्रीला सांगितलं की आषाढात आणि पौषात लग्नं नसतात, मी पैसा राखून ठेवला नाही, चूक माझी आहे, आक्काची नाही. राजेश्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझ्या कर्जाच्या पट्टीवर बोट ठेवलं, जिथे टाळेबंदीतसुद्धा एक दिवस मागेपुढे झाला नव्हता, आणि म्हणाली की ही पट्टी मला वरिष्ठांना दाखवता येईल. हे मला संघप्रियानं सांगितलं नाही. ती आईला सांगत होती, मी ऐकलं. पण ऐकून माझ्या आतला दिवा आपोआप लागला, असं मला तरी वाटतं.

पंधरा मार्चला कर्ज मंजूर झालं. अठरा तारखेला, शेवटच्या दिवशी, दुपारी दोन वाजता अनामत भरली. महारुद्रांना संघप्रियानं चहा पाजला आणि नम्रपणे नकार दिला. तेही भले माणूस. जाताना म्हणाले की बिजागरी माझ्याकडे जुनी पडली आहे, पाठवून देतो. अजून पाठवलेली नाही.

गाळ्यात मला नागेशच्याच टेम्पोनं नेलं. अंतर दोनशे पावलांचं, पण त्यानं मला स्पीकरच्या मधोमध बसवलं आणि गाणं लावलं. लोक रस्त्यात थांबून बघत होते. कोणीतरी विचारलं, नवरी कुठली?

त्यानंतर नागेशनं एक सवय लावून घेतली. मे महिन्यात पैसा आला की आधी दोन हप्त्यांची रक्कम वेगळी काढून खात्यात ठेवायची, मग उरलेल्या पैशात ऐट करायची. ऐट कमी झाली असं मात्र मला दिसलं नाही.

आता माझ्या शेजारी एक नवी रंगीत मशीन आली आहे. गर्दीची कामं ती करते. माझ्याकडे फक्त काळेपांढरे कागद येतात. मला वाईट वाटत नाही. गेल्या दिवाळीनंतर नागेश दुकानात आला. त्याला जनरेटर घ्यायचा होता. त्यानं स्वतःचं आधारकार्ड माझ्या काचेवर ठेवलं, कॉपी काढली आणि कागदांचा गठ्ठा बहिणीसमोर नुसता दाखवायला धरला. संघप्रियानं चष्मा लावला, पेन उचललं आणि विचारलं, फुली कुठाय?

"ह्या बारीला न्हाई आक्का," तो म्हणाला. "माझ्या एकट्याच्या नावावर देऊ लागलेत."

तिनं पेन खाली ठेवलं. पण कागद मात्र हातात घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे वाचले. तो तोवर उभा राहिला. मग दोन रुपये काढून गल्ल्यात टाकू लागला. तिनं ते परत त्याच्या खिशात कोंबले.

मित्रांनो, मी काही शिकलेली नाही. पण माझ्या काचेविषयी मला कळतं. पिनेसकट कागद घासला की काचेवर ओरखडा पडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक कागदावर, ज्याचा काही दोष नाही त्याच्यावरही, तीच रेघ उमटते. काच बदलेपर्यंत ती जात नाही. तुमच्या नावाच्या कागदाचं तसं नाही. तिथली उशिराची रेघ वेळेवर भरलेल्या पुढच्या महिन्यांच्या मागे सरकत जाते. म्हणून मोठे व्हाल तेव्हा दुसऱ्यासाठी सही करताना आपलीच सही करतोय असं समजून करा. वर्षातून एकदा स्वतःचा अहवाल मागवून वाचा. खोटं असेल तर गप्प बसू नका, खरं असेल तर पुढचा महिना सांभाळा.

आणि माझ्याकडे कागद आणाल तेव्हा तेवढी पिन काढून आणा.